कुमसाराची जाळी

ती जाळी शिसवी लाकडाची, पणजोबांच्याही आधीची.
बारीक भोकं, एकेक भोक एका कुजबुजीएवढं.
ती कानांसाठी केलेली.
करणाऱ्या सुताराला वाटलं असणार,
पाप म्हणजे शेवटी आवाजच की.

रुफीन आब्रांचिस शिवोलीचा, वय अठ्ठावन्न.
दर वर्षी फेस्ताआधी इगर्जीला चुना काढतो,
शिडी लावून, थेट क्रुसापर्यंत.
चाळीस फेस्तं झाली.
आत काय सांगतात ते त्याला कोणी सांगितलं नाही.
मिसेला मागच्या खांबाशी उभा राहतो,
लोक बसले की बसतो, गुडघे टेकले की टेकतो,
लोक हसले की
थोडा उशिरा हसतो.

मी म्हापशाला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते.
फादर इलेउतेर एका दुपारी स्कूटरवरून आले,
हँडलला मयड्याच्या केळ्यांची फणी.
म्हणाले, टीचर, एक माणूस मला तीन वर्षं
पायऱ्यांवर गाठून छातीवर मूठ आपटतो
आणि मी त्याला आशीर्वाद देऊन वाटेला लावतो.
त्याला कुमसार करायचाय, हे मला परवा कळलं.
परवा!

मी म्हटलं, मी येते, मधे बसून सांगते.
मग दोघेही गप्प.
मधे बसायला तिथे जागाच नसते.
शिवाय मी म्हार्दोळची, म्हाळसेची ओटी भरणारी.
त्याचं पाप मी घरी नेऊन ठेवू कुठे?
फडताळात, तूरडाळीच्या डब्यामागे?

म्हणून फादरच शिकले.
अडीच महिने, गुरुवारी, शाळा सुटल्यावर,
पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे कानांशी.
आई, पाव, नदी पटकन आलं.
मग म्हणाले, आता पापं.
मी वर्गाचं दार लोटून घेतलं.
चोरी. खोटं. दारू.
राग त्यांना न शिकवताच येत होता.
हेवा दाखवताना माझाच हात अडला,
जावेच्या पाटल्या आठवल्या.
क्षमा मात्र सारखी चुके,
बोटं ताठ, हुकूम सोडल्यासारखी.
सैल सोडा फादर, मागताय की देताय?
ते खजील होऊन म्हणाले,
मला देण्याचीच सवय.

शनिवारी तिन्हीसांजेला
इगर्जीमागच्या पडवीत बल्ब लावला.
जाळीमागे अंधार, आणि हातांना उजेड लागतो.
फादरांनी शिकलेलं सगळं नीट, हळू, मांडून दाखवलं.
रुफीन बघत राहिला.
मग हसला. या वेळी सगळ्यांच्या आधी.

तो कुठल्याच शाळेत गेला नव्हता.
त्याच्या खुणा त्याच्या आईने केलेल्या,
चुलीपाशी, दोघांपुरत्या.
आई जाऊन एकवीस वर्षं झाली.
एकवीस वर्षं ती भाषा एकटाच बोलतोय,
आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही,
माझ्या, जिचा हा धंदा.

फादरांनी हात मांडीवर ठेवले.
रुफीनने आपले उचलले.
मी पाठ फिरवली; तेवढं तरी पाळायला हवं होतं.
पण समोर भिंत होती, त्यानेच परवा रंगवलेली, शुभ्र,
आणि बल्ब माझ्या मागे.
भिंतीवर दोन मोठे हात काहीतरी खाली ठेवत होते,
पुन्हा उचलत होते.
मी डोळे मिटले.
दीड तास. डास चावत होते.

फादर आले तेव्हा झग्यावर, खांद्यापाशी,
चुन्याचा अख्खा पंजा.
कळलं?
अर्धं, ते म्हणाले.
बोलणाऱ्यांचं तेवढंही कळत नाही.

पुढच्या गुरुवारी दोघं आले.
फादर बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी,
रुफीन फळ्यापुढे माझ्या जागी.
ही आई, त्याने दाखवलं.
हा चुना.
आणि हे

ते मला अजून जमत नाही.
मनगट वळवताना
माझा अंगठा आडवा येतो.